उधारीच्या वहीतलं गवत

स्वॉफम नावाच्या गावात,
नॉरफोकच्या सपाट, वाऱ्याने पुसून काढलेल्या बाजूला,
सोळाशे एक्क्याऐंशी साली
बार्नबी थर्केटल चरबीच्या मेणबत्त्या ओतायचा
आणि उरलेल्या उजेडात
गवत बघायचा.

एवढंच माहीत आहे. बाकी सगळं वहीवरून.

वही उधारीची.
डाव्या पानावर कोणाकडे किती येणं:
पाद्रीबाबा, दोन रत्तल, ईस्टरपासून थकीत.
विधवा पॉसन, अर्धा रत्तल, सोडून दिले.
उजव्या पानावर दाबलेलं एकेक रोप,
मुळासकट, मुळाच्या मातीसकट,
आणि देठापाशी बोटांचे तेलकट ठसे,
साडेतीनशे वर्षांत न वाळलेले.
मी हातमोजे घालते, तरी वास येतोच.
मेंढीचा, विझलेल्या वातीचा.

लॅटिन त्याला येत नव्हतं.
नावं ठेवली ती गल्लीतली:
पाद्र्याची बटणं. सासूचा चिमटा.
डॉर्कसला न आवडणारं.
डॉर्कस म्हणजे बायको. एका पानाच्या कडेला
तिचं वाक्य उतरवून घेतलंय:
"वाती संपल्या म्हणून धाडलं, आणि आणलंत काय, तर चारा."
त्याखाली, वेगळ्या शाईत, पाच वर्षांनंतर:
"हे तिच्या थडग्याच्या उत्तरेला उगवलं.
पाकळ्या पाच. मोजल्या.
परत मोजल्या."

इथे मी जेवायला उठले.
संग्रहालयाच्या तळघराला खिडकी नाही.

लंडनच्या कोणा डॉक्टराने त्याच्याकडून
एकशे बारा रोपं मागवली, टपालखर्च थर्केटलचा,
आणि जाडजूड ग्रंथ छापला, कातडी बांधणीचा.
त्यात आमचा माणूस एकदाच येतो:
'स्वॉफमच्या एका मेणबत्तीवाल्याकडून.'
त्या 'एका'त त्याला बसवला,
गुडघे पोटाशी घेऊन बसला असेल.

एकशे तेरावं रोप डॉक्टराने परत धाडलं,
शेरा मारून:
'सर्वत्र आढळते. निरुपयोगी.'

ते इथे आहे, माझ्या दिव्याखाली.
बदकाच्या पावलासारखी पानं,
पाठीवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं.
आणि थर्केटलचं उत्तर, जे त्याने पाठवलं नसावं:
"पॉसनबाईंच्या डुकरांमागे, ओल्या भिंतीशी.
गेल्या वाईट साली आम्ही उकडून खाल्लं.
निरुपयोगी कसं?"

संगणकाच्या रकान्यात मी लॅटिन नाव भरते.
'संग्राहक' पुढे आधीच्या कोणी 'अज्ञात' लिहिलेलं,
ते खोडते, पूर्ण नाव घालते.
'स्थानिक नाव' पाशी बोट थांबतं.
मला येतं की. पण इथलं नाही.
ताकातलं, डाळ-दाणे घालून घोटलेलं,
वरून लसणाची फोडणी.
टायफॉइडमधून उठले तेव्हा
आईने आठवडाभर हेच भरवलं होतं.

लिहिलं: चाकवत.
यंत्राने खाली लाल रेघ ओढली. ओढू दे.

रविवारी बसने स्वॉफमला गेले.
पॉसनबाईंची भिंत कोणाला विचारणार?
चर्चपासून पावलं मोजत अंदाज बांधला
तर तिथे सुपरमार्केट, आणि मागे पार्किंग.
ट्रॉल्या उभ्या करतात त्या कोपऱ्यात,
पावसाच्या पाइपाखाली,
डांबराच्या भेगेत,
वीतभर चाकवत.

फार काही वाटलं असं नाही.
हे कुठेही उगवतं, तेवढं डॉक्टरचं खरं.
तरी वाकून बघत राहिले बराच वेळ,
पानाची पाठ, मग पोट.
लाल जाकिटातला पोरगा ट्रॉल्या ढकलत आला,
म्हणाला, काही हरवलंय का?

नाही, म्हटलं. थर्केटलांकडे आले होते.

त्याने भिंतीवरचं ड्यूटीचं पत्रक वरून खाली वाचलं.
आज नाहीत, म्हणाला.
सुट्टी असेल त्यांची.